ईश्वरकल्पना, मराठी ख्रिस्ती धर्मविचारातील

ईश्वर हा प्रेमस्वरूप असून त्याचे मानवाशी असलेले नाते हेच धर्माचे मर्म होय, ह्या ख्रिस्ती श्रद्धेचा मराठी भाषिक ख्रिस्ती विचारवंतांनी केलेला पुनर्विचार. ह्या विचाराचा आरंभ सतराव्या शतकातील पुराणरचनेत दिसतो आणि त्याचे प्रगल्भ रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांपर्यंत आढळते. निळकंठशास्त्री उर्फ नेहेम्या गोऱ्हे (१८२५–९५), पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) व रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे त्याचे प्रमुख प्रतिनिधी होत. धर्मांतरामुळे ह्या तिघांचेही जुने नातेसंबंध दुखावले वा तुटले होते. त्यामुळे ईश्वर मनुष्याशी नाते जोडतो ह्या विधानाचा अर्थ काय, हा त्यांच्यापुढील प्रश्न केवळ पांडित्याचा नव्हता.

पार्श्वभूमी : ख्रिस्ती ईश्वरकल्पनेत दोन भिन्न प्रवाह एकत्र आले आहेत. पहिला हिब्रू धर्मग्रंथांचा. त्यांतील ईश्वर आपल्या लोकांशी करार करतो, त्यांच्यावर रागावतो, त्यांच्यासाठी कळवळतो आणि क्षमाही करतो. होशेय संदेष्ट्याने त्यास पतीची, तर यशयाच्या ग्रंथाने सांत्वन करणाऱ्या आईची उपमा दिली आहे. येशू ख्रिस्त ईश्वरास घरगुती जिव्हाळ्याच्या शब्दाने ‘बाप’ म्हणून संबोधतो. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात परतणाऱ्या मुलाकडे धावत जाणारा वृद्ध पिता येतो, तर योहानाच्या पहिल्या पत्रात प्रीती हेच ईश्वराचे स्वरूप म्हणून सांगितले आहे. दुसरा प्रवाह ग्रीक तत्त्वज्ञानाचा. त्याच्या दृष्टीने जे परिपूर्ण आहे ते बदलत नाही आणि ज्यास सुखदुःख होते ते परिपूर्ण नव्हे. आरंभीच्या ख्रिस्ती धर्मपंडितांनी ही परिभाषा स्वीकारली. तीमुळे ईश्वराच्या अविकारीपणाचा सिद्धांत दृढ झाला. परंतु निर्विकार ईश्वर प्रेम कसे करतो, हा प्रश्नही उभा राहिला.

ह्या प्रश्नाचे एक उत्तर त्रैक्याच्या सिद्धांतात शोधण्यात आले. नायसीया (३२५) व कॉन्स्टँटिनोपल (३८१) येथील धर्मपरिषदांनी पिता, पुत्र व पवित्र आत्मा ह्यांचे ऐक्य मान्य केले. संत ऑगस्टीनने प्रेम करणारा, प्रेमाचा विषय व स्वतः प्रेम ह्या त्रयीच्या साहाय्याने त्रैक्याचे विवरण केले. म्हणजे नाते हे ईश्वरास बाहेरून चिकटलेले नसून त्याच्या स्वरूपातच आहे, असा विचार परंपरेत आरंभापासून होता. तथापि पश्चिमेकडील चर्चमध्ये पुढे वैधानिक भाषेस महत्त्व आले. अकराव्या शतकाच्या अखेरीस कँटरबरीच्या अँसेल्मने पापामुळे ईश्वराच्या प्रतिष्ठेची हानी होते व तिची भरपाई ख्रिस्ताच्या मरणाने झाली, असे प्रतिपादन केले. प्रॉटेस्टंट धर्मसुधारणेनंतर हाच विचार शिक्षेच्या परिभाषेत मांडला जाऊ लागला. मनुष्यास मिळावयाची शिक्षा ख्रिस्ताने भोगली, ह्या सिद्धांतात ईश्वराचे न्यायाधीश हे रूप ठळक झाले. एकोणिसाव्या शतकातील मिशनऱ्यांच्या प्रवचनांतून महाराष्ट्रास मुख्यतः हे रूप परिचित झाले.

क्रिस्तपुराण : मराठीतील ख्रिस्ती ईश्वरविचाराचा पहिला मोठा आविष्कार गोव्यात झाला. इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक फादर थॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) हे १५७९ मध्ये गोव्यास आले. त्यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे प्रथम छापले गेले. सुमारे ११,००० ओव्यांच्या ह्या ग्रंथाचे पैले पुराण व दुसरे पुराण असे दोन भाग आहेत. सासष्टीतील देवळे पाडली गेल्यानंतर व जुन्या पोथ्यांवर बंदी आल्यानंतर नवख्रिस्ती लोकांना ऐकण्यास पुराण उरले नव्हते. श्रोत्यांपैकी एका ब्राह्मणाने ही उणीव पाद्रीगुरूंपुढे मांडली, अशी ग्रंथाची चौकट आहे. तत्त्वार्थाच्या दृष्टीने स्टीफन्स हे कॅथलिक परंपरेशी एकनिष्ठ आहेत. त्यांनी नवा सिद्धांत मांडलेला नाही. तथापि परमेश्वर, वैकुंठ अशा रूढ शब्दांचा त्यांनी केलेला स्वीकार आणि कथेच्या ओघात व्यक्त होणारा वात्सल्य व करुणा ह्या रसांचा परिपोष ह्यांमुळे ईश्वर हा श्रोत्याच्या ओळखीच्या भाषेत बोलणारा झाला. सक्तीच्या छायेत जन्मलेल्या समाजासाठी लिहिलेल्या ह्या ग्रंथात जिव्हाळ्याचा स्वर उमटावा, ही त्या काळाची विसंगतीही ध्यानात घेण्याजोगी आहे.

मिशनरी कालखंड व आक्षेप : १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत सुरू झाले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले. मराठी बायबलची भाषांतरे, शाळा व १८४२ मध्ये निघालेले ज्ञानोदय हे नियतकालिक ह्यांद्वारे ख्रिस्ती मतांचा प्रसार होऊ लागला. ह्या काळातील लेखनाचा स्वर खंडनमंडनाचा होता. १८३१ मध्ये मोरभट दांडेकर व विल्सन ह्यांच्यात वाद झाला, तर १८५७ मध्ये विष्णुबुवा ब्रह्मचारी व मिशनरी ह्यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनारी जाहीर चर्चा झाल्या. ईश्वर न्यायी असेल, तर एकाच्या अपराधाबद्दल दुसऱ्या निरपराध्यास शिक्षा कशी? आयुष्य मोजक्या वर्षांचे, मग शिक्षा शाश्वत का? ज्यांनी ख्रिस्ताचे नावही ऐकले नाही, त्या पूर्वजांची गती काय? अशा स्वरूपाचे प्रश्न मिशनऱ्यांना सतत विचारले जात. ह्या प्रश्नांनी केवळ प्रतिपक्षीच नव्हे, तर खुद्द धर्मांतरितही अस्वस्थ होत. त्यांच्या बाबतीत पूर्वज म्हणजे सामान्य नाम नव्हे, तर स्वतःचे आईवडील होते.

बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांच्या लेखनात ह्या संक्रमणाची पहिली चिन्हे दिसतात. १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या पदमनजींचा पवित्रा बहुधा वादविवादाचा होता. परंतु यमुनापर्यटन (१८५७) ह्या त्यांच्या कथनात विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण करताना ईश्वराची कसोटी त्यांनी दुःखिताच्या बाजूने लावली. जो विधवेचे अश्रू पाहतो तोच खरा ईश्वर, ही भूमिका पुढे पंडिता रमाबाईंच्या कार्यात अधिक सखोल झाली. ह्याच सुमारास ख्रिस्ती समाजाबाहेरही तत्सम विचार प्रकट होत होते. १८६७ मध्ये स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने प्रेमळ, सगुण परंतु मूर्तिरहित अशा एका ईश्वराची उपासना सांगितली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या महात्मा जोतीराव फुले ह्यांनी सर्व मानवांस एकाच ‘निर्मिका’ची लेकरे मानून त्यातून मानवी समतेचा निष्कर्ष काढला, मात्र ते ख्रिस्ती झाले नाहीत.

निळकंठशास्त्री गोऱ्हे : काशीत वाढलेल्या ह्या चित्पावन पंडितांनी १८४८ मध्ये जौनपूर येथे बाप्तिस्मा घेतला. षड्दर्शनदर्पण (१८६०) ह्या हिंदी ग्रंथात त्यांनी भारतीय दर्शनांची, विशेषतः अद्वैत वेदान्ताची, तर्कशुद्ध चिकित्सा केली. ब्रह्म निर्गुण असेल तर ते जाणत नाही आणि प्रेमही करीत नाही. शिवाय जीव व ब्रह्म ह्यांत परमार्थतः भेद नसेल, तर भक्तीस आधार उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. प्रेमास दोघे लागतात, हा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा होय. ह्या विचाराचा रामानुज, मध्व आदी वैष्णव आचार्यांनी केलेल्या अद्वैतखंडनाशी असलेला सारखेपणा उघड आहे.

तथापि गोऱ्हे ह्यांच्या विचारातील ताण दुसऱ्या बाजूस होता. शाश्वत शिक्षेचा सिद्धांत हा त्यांच्या श्रद्धेतील सर्वांत कठीण भाग होता. त्यावरील आक्षेपांना त्यांनी स्वतंत्र पुस्तिका लिहून उत्तर दिले, परंतु त्यांची विवंचना संपली नाही. ते आज्ञापालनाच्या वृत्तीचे होते. चर्चची परंपरा मानावयाची, मग बुद्धीस पटो वा न पटो, ही त्यांची निष्ठा होती. दुसरीकडे, अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता व क्षमा ह्या हिंदू परंपरेतील गुणांनी हिंदूंची ख्रिस्ती धर्मासाठी पूर्वतयारी केलेली आहे, असेही त्यांनी लिहिले. ज्या परंपरेचे त्यांनी खंडन केले, तिच्याच शब्दांत त्यांना आपले नाते सांगावे लागले, ही गोष्ट सूचक आहे. त्यांची कन्या एलन लक्ष्मी गोऱ्हे (१८५३–१९३७) ही ख्रिस्ती भक्तिगीतांची कवयित्री म्हणून प्रसिद्धीस आली.

पंडिता रमाबाई : गोऱ्हे ह्यांचा मार्ग आज्ञापालनाचा, तर रमाबाईंचा सदसद्‌विवेकाचा. १८७०–८० ह्या दशकातील दुष्काळात त्यांचे आईवडील व बहीण मृत्यू पावली. पुढे भाऊ व १८८२ मध्ये पतीही निवर्तले. १८८३ मध्ये त्या कन्या मनोरमा हिच्यासह इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटिज येथे दोघींचा बाप्तिस्मा झाला. ह्या निर्णयामागे फुलम येथील एक अनुभव होता, असे त्यांनी पुढे नमूद केले. तेथे ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ मानलेल्या स्त्रियांची सेवा करीत होत्या. अशा स्त्रियांविषयी इतकी कणव कशी, असे विचारता त्यांना ख्रिस्त व शोमरोनी स्त्री ह्यांच्या भेटीची कथा सांगण्यात आली. गोऱ्हे ह्यांच्या एका पत्ररूप लेखाचाही आपल्यावर परिणाम झाल्याचे त्यांनी म्हटले आहे.

बाप्तिस्म्यानंतर मात्र त्यांचा चर्चच्या अधिकाऱ्यांशी वाद सुरू झाला. सिस्टर जेराल्डीन, चेल्टनम येथील महिला विद्यालयाच्या प्रमुख डॉरथीया बील इत्यादींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार अ. भि. शहा ह्यांनी संपादिला असून तो महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृति मंडळाने १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यावरून ह्या वादाचे स्वरूप स्पष्ट होते. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, तसेच अथेनेशियसच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या श्रद्धासूत्रातील अश्रद्धांच्या सर्वनाशाची भाषा त्यांना मान्य होईना. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून आपण दुसऱ्याचे जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. सिस्टर जेराल्डीन ह्यांना ह्यात अहंकार दिसला. रमाबाईंच्या दृष्टीने मात्र प्रश्न प्रामाणिकपणाचा होता. ईश्वर पिता असेल, तर लेकराच्या बुद्धीस तो भीत नाही, असा त्यांच्या भूमिकेचा आशय सांगता येईल. क्रुसावरील लॅटिन अक्षरांऐवजी संस्कृत अक्षरे असावीत, हा त्यांचा आग्रहही ह्याच वृत्तीचा द्योतक होय.

हा पवित्रा कायम राहिला नाही. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन स्थापन केल्यावर काही वर्षांतच त्यांच्या अंतःकरणात पालट झाला. आपणास ख्रिस्ती धर्म सापडला होता, परंतु ख्रिस्त सापडला नव्हता, असे त्यांनी १९०७ मधील आपल्या इंग्रजी आत्मनिवेदनात म्हटले आहे. म्हणजे पुनर्विचाराची दिशा सिद्धांताकडून व्यक्तीकडे वळली. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली व विधवा आणून केडगाव येथे मुक्ती सदन उभारले. ईश्वराचे नाते कुणाशी, ह्या प्रश्नाचे त्यांचे उत्तर तेथील दळणकांडण, छापखाना व शेती ह्यांत दिसते. दुष्काळात ज्यांचे कुणी उरले नाही त्यांचे घर, असे त्या उत्तराचे स्वरूप होते.

नारायण वामन टिळक : गोऱ्हे व रमाबाई ह्यांच्यात जो प्रश्न तर्क व विवेक ह्यांच्या पातळीवर होता, तो टिळकांनी काव्यात आणला. १८९३ मध्ये राजनांदगावच्या रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातील गिरिप्रवचनाने ते प्रभावित झाले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे बराच काळ अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथील केंद्रात त्यांनी काम केले आणि १९१२ पासून अखेरपर्यंत ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन केले.

आपण तुकारामांच्या मार्गे ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक सांगत. ह्याचा अर्थ केवळ अभंग हा छंद त्यांनी उचलला असा नव्हे. वारकरी परंपरेत विठ्ठल ‘माउली’ आहे. तो भक्ताच्या घरी राबतो, त्याची वाट पाहतो, त्याच्याशी भांडतो. विठ्ठलाविषयीची ही सलगी टिळकांनी ख्रिस्ताकडे वळविली. मिशनच्या भाषेत ख्रिस्त मुख्यतः मध्यस्थ व खंडणी भरणारा होता. टिळकांच्या अभंगांत तो गुरू, सखा व माय झाला. ख्रिस्ताच्या मरणाकडेही ते न्यायालयातील भरपाई म्हणून न पाहता लेकरासाठी आईने सोसलेल्या यातना म्हणून पाहतात. ह्यामुळे निर्विकार ईश्वराची जुनी अडचण त्यांच्यापुढे उभीच राहत नाही. आई सोसते म्हणून तिचे आईपण उणावत नाही, ही जाणीव त्यांना संतपरंपरेने दिली होती. उपासना संगीत ह्या प्रॉटेस्टंट गीतसंग्रहातील त्यांच्या अनेक रचनांद्वारे ही भावना खेडोपाडीच्या उपासनेत रुजली.

ह्या विचाराचे सामाजिक पर्यवसान १९१७ मध्ये झाले. टिळकांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्ती स्वीकारली व सातारा येथे ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले अशा ख्रिस्ताच्या सर्व अनुयायांचा हा बंधुसंघ असावा, अशी त्यांची कल्पना होती. ईश्वराचे नाते चर्चच्या नोंदवहीने मर्यादित होत नाही, असा तिचा अर्थ होतो. बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी होईल, अशी भीती ह्या कल्पनेमुळे निर्माण होणे साहजिक होते. ९ मे १९१९ रोजी टिळकांचे निधन झाले आणि दरबाराचे कार्य बाळसे धरण्यापूर्वीच थांबले.

टिळकांच्या धर्मांतरामुळे लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. स्मृतिचित्रे ह्या आत्मचरित्रात त्यांनी जातिभेद ईश्वरनिर्मित नसून मनुष्यकृत आहे, हे स्वतःस कसे उमगले त्याचा वृत्तांत दिला आहे. त्यानंतर त्यांनी सोवळे सोडले. सिद्धांताची परिभाषा न वापरता ईश्वराशी नाते म्हणजे शेजाऱ्याच्या हातचे पाणी, ही गोष्ट त्यांनी जेवढी स्पष्ट केली तेवढी क्वचितच कुणी केली असेल. टिळकांचे अपूर्ण ख्रिस्तायनही मुख्यतः त्यांच्याच परिश्रमाने पुढे गेले.

भाषेचा प्रश्न : टिळक व रमाबाई ह्यांच्यातील मतभेद भाषेच्या बाबतीत स्पष्ट होतो. रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून बायबलचे मराठी भाषांतर केले. ते १९२२ मध्ये, त्यांच्या निधनाच्या सुमारास, पूर्ण झाले. भाषांतर अल्पशिक्षित स्त्रियांनाही कळावे म्हणून त्यांनी सोपी भाषा वापरली आणि हिंदू तत्त्वज्ञानाचे संस्कार असलेले संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले. जुन्या शब्दांबरोबर जुने अर्थ येतात, ही त्यांची धास्ती होती. संस्कृत शास्त्रांतील स्त्रीविषयक वचने त्यांना मुखोद्गत होती. त्या शब्दांनी स्त्रीस काय दिले, हे त्यांनी अनुभवले होते. टिळकांना मात्र तेच शब्द घरचे वाटत. ह्यांपैकी एक दृष्टी बरोबर व दुसरी चूक असे म्हणता येत नाही. भक्तिपरंपरेचा वारसा पुरुष कवीस जसा लाभला, तसा तो शास्त्रनिषेध सोसलेल्या विदुषीस लाभला नाही, हेच ह्या मतभेदाचे मूळ होय.

विसावे शतक : पहिल्या महायुद्धानंतर पश्चिमेतही निर्विकार ईश्वराच्या कल्पनेची फेरतपासणी झाली. ज्यू तत्त्वज्ञ मार्टिन बूबर ह्याने १९२३ मध्ये ‘मी–तू’ संबंधाचे तत्त्वज्ञान मांडले. जपानी धर्मपंडित काझो किटामोरी ह्याने १९४६ मध्ये ईश्वराच्या वेदनेचा विचार केला. जर्मन धर्मपंडित युर्गेन मोल्टमान (१९२६–२०२४) ह्याने १९७२ मध्ये क्रुसावरील ईश्वराविषयीच्या ग्रंथात, जो दुःख भोगू शकत नाही तो प्रेमही करू शकत नाही, असा निष्कर्ष काढला. टिळकांचे अभंग ह्यापूर्वी अर्धशतक लिहिले गेले होते. मात्र ते मराठीत असल्याने पाश्चात्त्य धर्मशास्त्राच्या चर्चेत त्यांचा फारसा विचार झाला नाही. जे. सी. विन्स्लो ह्यांनी १९२३ मध्ये लिहिलेले टिळकांचे इंग्रजी चरित्र हा त्यांस अपवाद होय. भारतात ए. जे. अप्पासामी ह्यांनी १९२७ मध्ये ख्रिस्ती धर्माचे भक्तिमार्ग म्हणून विवेचन केले.

कॅथलिक पंथात दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत मराठीस स्थान मिळाले. पुण्याच्या स्नेहसदन ह्या संस्थेत फादर मॅथ्यू लेदर्ले ह्यांनी हिंदू-ख्रिस्ती संवाद वाढविला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) ह्यांच्या सुबोध बायबलने धर्मग्रंथ आजच्या मराठीत आणला. २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

ह्या परंपरेवरील सर्वांत मूलगामी टीका दलित धर्मशास्त्राने केली. अरविंद निर्मल (१९३६–९५) ह्यांनी १९८१ मध्ये बंगलोर येथील व्याख्यानात तिचा प्रारंभ केला. भारतीय ख्रिस्ती धर्मशास्त्र हे बव्हंशी उच्चवर्णीय धर्मांतरितांनी व त्यांच्या प्रश्नांसाठी रचले. बहुसंख्य ख्रिस्ती मात्र अस्पृश्य मानलेल्या जातींतून आले, हा त्यांचा आक्षेप होता. अहमदनगर जिल्ह्यातील महार व मांग समाजांतून झालेली धर्मांतरे पाहता महाराष्ट्रापुरताही तो यथार्थ ठरतो. निर्मल ह्यांच्या मते ईश्वर केवळ दुःखितांवर प्रेम करीत नाही. तो सेवक असून हीन मानलेल्या कामांत व कामकऱ्यांत आहे. म्हणून नाते ही भावना न राहता पक्ष घेण्याची कृती होते.

मूल्यमापन : मराठी ख्रिस्ती ईश्वरविचार कोणत्याही एका ग्रंथात पद्धतशीरपणे मांडला गेला नाही. तो पत्रे, अभंग, आत्मचरित्रे व संस्था ह्यांत विखुरलेला आहे. शिक्षेच्या सिद्धांताचे पूर्ण निराकरण गोऱ्हे करू शकले नाहीत. रमाबाईंनी आपल्या बौद्धिक शंकांचे उत्तर अखेर अनुभवात शोधले. टिळकांच्या भक्तीत अन्यायाचा प्रश्न काहीसा मागे पडतो. तथापि ईश्वर प्रेमरूप आहे हे विधान तपासावयाचे, तर ज्याचे नाते तुटले आहे त्याच्या जागी उभे राहून तपासावे, ही दृष्टी ह्या सर्वांत समान आहे. विधवा, दुष्काळपीडित, जातिबहिष्कृत व घराबाहेर पडलेले धर्मांतरित ह्यांच्या अनुभवातून ती घडली. न्यायाधीशाच्या प्रतिमेकडून माउलीच्या प्रतिमेकडे झालेला हा प्रवास मराठी संतपरंपरा व ख्रिस्ती श्रद्धा ह्यांच्या संगमाचे महत्त्वाचे फलित होय.